गल्लीतल्या पाण्याचं वय

भूजल कार्यालयात पाण्याचे नमुने गोळा करणाऱ्या बाईंना सगळे ‘काठोकाठ मावशी’ म्हणत. बाटलीत बुडबुडा राहिला की तपासणी बिघडते, म्हणून त्या बाटली तोंडापर्यंत भरून बादलीतल्या पाण्यातच झाकण लावत. घरी चहाही तसाच ओतत. पाहुणे खाली वाकून पहिला घोट घेत. कप उचलायची कुणाची छाती होत नसे.

मावशींच्याच गल्लीतल्या खोल बोअरवर एका बर्फ कारखान्याचा डोळा होता. पाणी दरवर्षी पावसाने भरतं, उपसायला हरकत काय, असं कारखान्याचं म्हणणं. मावशी म्हणत, पाणी जुनं आहे, संपलं की संपलं. नगरपालिकेने निवाडा प्रयोगशाळेवर टाकला. पावसाच्या पाण्यात ट्रिटियम नावाच्या किरणोत्सारी हायड्रोजनचा अंश असतो आणि जमिनीखाली तो वर्षानुवर्षं विरत जातो. सापडला तर पाणी ताजं, नाही तर म्हातारं.

अहवाल आला: ट्रिटियम भरपूर. गल्लीचं तोंड उतरलं. मावशींना तर जेवण जाईना.

मग प्रयोगशाळेतल्या मुलीचा फोन आला.

"मावशी, एवढं तर आजच्या पावसातही नसतं हो! नमुना घेताना हातात घड्याळ होतं?"

"होतं की. आमच्या यांनी जुन्या बाजारातून आणलंय. अंधारात काटे काय चमकतात म्हणून सांगू!"

"ते ट्रिटियमनेच चमकतात, मावशी."

मावशींनी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं. नमुना घेताना चमकतं घड्याळ घालू नये, हे नव्या लोकांना त्याच शिकवत. पण नवऱ्याने न सांगता काही आणण्याची ही पहिलीच वेळ. त्या आनंदात नियम कुठल्या कुठे गेला.

"आणलं तरी चूक, नाही आणलं तरी चूक," नवरा पुटपुटला.

"चूक नाही हो. तुमचं प्रेम मोजण्यात आलं, एवढंच."

दुसऱ्या नमुन्याच्या दिवशी त्याला घड्याळासकट नणंदेकडे धाडण्यात आलं.

या वेळी ट्रिटियमचा मागमूस नव्हता. पाणी निदान साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं, त्याहून जुनंही असेल. नगरपालिकेने कारखान्याला नकार कळवला, आणि गल्लीत जो तो मावशींची पाठ थोपटायला आला.

शेजारच्या काकू मात्र नळाखाली भांडं लावून मावशींना खडसावत होत्या, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही शिळं पाणी पितोय?"

"तुमच्या सासूबाईंच्या वयाचं आहे," मावशी म्हणाल्या. "जरा मान ठेवा."

काकूंनी नळ बारीक केला. आयुष्यात पहिल्यांदाच.