टाकीच्या चढावरचा नवा फिल्टर

पेणमध्ये मोटार शिकवणारी बाई म्हणून नम्रता म्हात्रेला सगळे ओळखत. वडील हिरामण मिठागरात राबलेले. मीठ वाहणाऱ्या टेम्पोत काकांच्या शेजारी बसून ती गाडी शिकली, आणि खाडीकाठच्या अरुंद बांधावरून टेम्पो मागे घ्यायची वेळ आली की काका स्टिअरिंग तिच्या हातात देऊ लागले. पुढे तिनं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल काढलं. बाईमाणूस काय गाडी शिकवणार, असं म्हणणाऱ्यांच्याच सुना नंतर तिच्याकडे शिकायला आल्या.

शहाण्णव साली रोह्याच्या एका निवृत्त मॅनेजरांनी गाव सोडताना शेडमध्ये गंजत पडलेली आपली विलायती स्पोर्ट्स कार तिला देऊन टाकली. दोन दारं, दोनच माणसांची जागा, कापडी छत आणि बसकी ठेवण. गाडी ओढून दारात आणली तेव्हा आई धोंडुबाई चहूबाजूंनी फिरून म्हणाली, "यात मावणार कोन गो?"

"मी मावते ना. झालं तर."

धाकटा भाऊ प्रणित धाटावच्या कंपनीत कामाला होता. त्याच्या सुट्टीच्या दिवशी दोघं भावंडं गाडीखाली शिरत. गाडी धड चालू लागली तेवढ्यात एका मोटार क्लबनं धाटावमागच्या टेकडीवर चढाची शर्यत जाहीर केली. पाण्याच्या टाकीपर्यंतचा रस्ता, एका वेळी एक गाडी, प्रत्येकाला दोन खेपा. नम्रतानं लगेच नाव दिलं.

प्रणित मुंबईला जाऊन एक फिल्टर घेऊन आला. जाळीदार, निमुळता, लालभडक. इंजिनात हवा गाळून सोडणारा जुना पत्र्याचा डबा काढायचा आणि हा थेट कार्बोरेटरवर बसवायचा.

"इंजिनाला मोकळा श्वास मिळतो ताय. ताकद वाढते."

बसवला आणि गाडी अशी गुरगुरली की एस.टी. स्टँडवरची माणसं वळून बघू लागली. गॅरेजवाला मोरू म्हणाला, "आता हिच्यात जीव आला." नम्रतालाही वाटलं, गाडी पळतेय. पण दुपारी रोह्याला जाताना सुकेळी खिंडीच्या चढावर तिनं ॲक्सिलरेटर दाबला, तर गाडी क्षणभर अडखळली. आवाज मोठा, ओढ कमी. प्रणितला सांगितलं तर तो म्हणाला, "भास होतोय तुला."

शर्यतीच्या दिवशी पहिली खेप तिनं नव्या फिल्टरवर केली. वरच्या वळणांवर गाडी पुन्हा तशीच दमली. खाली येऊन तिनं बॉनेट उघडलं. गरम वाफारा तोंडावर आला. फिल्टरला बोट लावलं ते झटकन मागे घेतलं.

"प्रणित, हा इंजिनाचीच तापलेली हवा ओढतोय. जुन्या डब्याचं तोंड पुढच्या जाळीकडं होतं, त्याला बाहेरची गार, दाट हवा मिळायची. डबा काढ डिकीतून."

"आत्ता? सगळे बघतायत ताय."

"बघू देत."

प्रणितनं तोंड पाडून पाने हातात घेतले. दुसऱ्या खेपेची वेळ पहिलीपेक्षा कमी आली. एकूण नंबर मात्र मधलाच.  घरी परतताना पेणच्या अलीकडे प्रणित म्हणाला, "दुसऱ्या खेपेला रस्ता तुझ्या ओळखीचा झाला होता. डब्यानं काय केलं नाय."

नम्रता चिडली. पण रात्रभर विचार केल्यावर तिला त्याचं म्हणणं पटलं. एका खेपेवरून काहीच ठरत नव्हतं.

मग ती हट्टालाच पेटली. टाकीवरच्या वॉचमनची, जनूभाऊंची, परवानगी काढली आणि दोघं रविवारी तिथं जाऊ लागली. कधी आधी डबा, कधी आधी फिल्टर. कधी सकाळच्या गारव्यात, कधी भर उन्हात. स्टॉपवॉच तिनं मुद्दाम प्रणितच्या हातात दिलं. सकाळी डबा आणि फिल्टर यांच्यात फरकच निघेना. उन्हात मात्र नवा फिल्टर दर वेळी मागे पडे.

प्रणितनंही हार मानली नाही. त्यानं मोरूकडून कार्बोरेटरचं पेट्रोल जास्त हवेच्या मानानं वाढवून घेतलं, फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा केला, पुढून गार हवेचा पाइप आणला. तेव्हा कुठं टाकीजवळच्या सरळ पट्ट्यात गाडी किंचित जास्त पळाली. खालच्या वळणांवर काहीच फायदा नव्हता.

घड्याळाकडे बघत तोच म्हणाला, "एवढ्यासाठी एवढा खटाटोप?"

"आवाज झ्याक येतो, तेवढं श्रेय तुझं," नम्रता म्हणाली. "पन वळणावर मी ब्रेक लवकर दाबते, कारन लायनर झिजलेत. टायर दगडासारखे कडक झालेत. आधी ते बघू."

पावसाळाभर त्यांनी ब्रेक आणि टायरवर मेहनत घेतली. इंजिनावर पुन्हा जुना डबा चढला, फक्त आतला कागदी फिल्टर नवा. प्रणितनं लाल फिल्टर मोरूला देऊन टाकला. मोरूनं तो गॅरेजच्या दाराशी टांगला आणि कुणी त्याबद्दल विचारलं की खरं-खोटं ऐकायला त्याला म्हात्र्यांकडे पाठवू लागला.

पुढच्या वर्षी त्याच चढावर नम्रता तिसरी आली. वळणात ती ब्रेक इतक्या उशिरा दाबत होती की कठड्याशी उभ्या प्रणितनं डोळे मिटून घेतले. ती खाली आली तेव्हा त्याच्या मनगटाला धरून म्हणाली, "वरून तिसऱ्या वळणावर अजून वेळ जातोय. येत्या रविवारी जनूभाऊंना विचारून ठेव."

प्रणित पाने गोळा करत म्हणाला, "विचारलंय."