बँकेच्या दारातली रायफल

मुलुंडच्या बँकेत मी क्लार्क म्हणून लागलो, तेव्हा दारावरच्या गार्डकाकांनी मला "साहेब" म्हटलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्या एका शब्दाने भारावून गेलो.

काका सैन्यातून निवृत्त झालेले. गार्ड पुरवणारी एजन्सी स्वतःची बंदूक असलेल्यालाच काम देई, म्हणून त्यांनी लायसन काढून एक सेकंडहँड रायफल घेतली होती. लष्करातल्या जुन्या रायफलीच्या घडणीची, बोल्ट ओढून चालवायची.

"दुनळी बंदूक स्वस्त पडली असती ना?" मी एकदा विचारलं.

"पडली असती. पण हिचा बोल्ट माझा हात झोपेतही ओढेल, साहेब."

काडतुसं महाग होती. जवळ होती ती पाचच काडतुसं काका रोज रुमालाने पुसून परत भरत. "हिला उपाशीच ठेवलीय," म्हणून हसत.

निवडणूक आली आणि लायसनची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. बँकेने पत्र दिलं तर गार्डला सूट मिळणार होती. ते पत्र टाइप करायचं काम माझं. काकांनी तीनदा आठवण करून दिली. "करतो ना, काका," म्हणत मी ऑडिटच्या फायली उरकत राहिलो. मुदत संपली. रायफल जमा झाली आणि दुसऱ्याच दिवशी एजन्सीने त्यांच्या जागी सूट मिळालेला दुसरा बंदूकवाला पाठवला.

काका राहिलेला डबा न्यायला आले, तेव्हा मी माफी मागितली.

"तुमचं काय चुकलं, साहेब? बँकेने रायफल कामाला ठेवली होती. मी तिला फक्त उचलून आणायचो."

ते गेल्यावर मी उशिरा का होईना, पत्र टाइप करायला बसलो. पहिल्याच ओळीत अडलो. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.