उलटा गेलेला एक धागा

सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेची प्रुफे छापखान्यातून आली, ती टाचणीने टोचलेली होती. मी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि आणणाऱ्या गृहस्थांना विचारले, "लाल धागा कुठे आहे?" ते पायरीवर थांबले. म्हणाले, "नरसय्याअण्णा मंगळवारी गेले, मास्तर. तुम्हाला कुणी कळवलं नाही?..."

नरसय्याअण्णा त्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवीत. घर विणकराचे. छातीच्या दुखण्याने माग सुटला, तेव्हा ते छापखान्यात आले आणि येताना सवयी मागावरच्याच घेऊन आले. त्यांनी जुळवलेल्या मजकुराची प्रुफे नेहमी लाल सुतात बांधून येत. घरी तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी. आणि थट्टा दोन्हींत.

मी करमाळ्याकडचा, मेंढरे राखणाऱ्या घरातला. आमच्यात बी. ए. झालेला मी पहिला. शाळेत भूमिती इंग्रजीतून होती आणि मी ती न कळता पाठ केली होती. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये म्हणून मी मराठीत भूमितीचे एक लहान पुस्तक लिहिले. शिक्षणखात्याकडे मंजुरीसाठी पाठवले, ते परत आले. सिद्धान्तांचा क्रम विस्कळीत आहे आणि हा विषय मराठीला पेलणारा नाही, असा शेरा होता. क्रमाचे मी सोसले असते, मराठीवरचा शेरा सोसवेना. सुधारून पाठवण्याची आणखी एकच संधी होती.

दुसऱ्या खेपेला पुस्तक जवळजवळ जुळवून झाले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की सुरुवातीचा एक सिद्धान्त राहिला आहे. तो तिसरा म्हणून घालायचा, म्हणजे पुढच्या प्रत्येकाचा क्रमांक एकाने वाढणार. आणि सिद्धतांमध्ये जिथे जिथे 'सिद्धान्त ४ वरून' असे आधार दिले होते, तेही सगळे बदलणार. अण्णांनी हातातले खिळे खाली ठेवले.

"मास्तर, पाव्हणा तुमी एकच आणला. पर त्याच्यापायी आख्खी पंगत उठवून एकेक पाट सरकवायला लावला की!"

दोन दिवसांनी गेलो, तर छापखान्याची लांब भिंत ओळखू येईना. सगळी प्रुफे त्यांनी डावीकडून उजवीकडे क्रमाने लावली होती. प्रत्येक सिद्धान्ताशी एक बारीक लोखंडी चूक ठोकली होती आणि जिथे जिथे कुठला आधार दिला होता, तिथून त्या आधाराच्या चुकेपर्यंत लाल धागा ताणला होता. "आता एक बी नंबर सुटायचा न्हाय," ते म्हणाले. मग जरा घुटमळले. "पर एक इचारू? सगळे धागे डावीकडं जातात. ह्यो एकच उजवीकडं चाललाय."

धागा सहाव्या सिद्धान्तातून निघून आठव्याकडे गेला होता. सहावा म्हणजे समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतचे कोन समान असतात, तो. माझ्यातला पदवीधर लगेच बोलला, "अण्णा, तुम्ही खिळे जुळवा. भूमिती माझ्याकडे राहू द्या."

"ऱ्हाऊ द्या की. मला कुटं येतीया? पर आठव्याचा बी धागा सहाव्याला आलाय. जे अजून विणलंच न्हाय, त्याच्या जिवावर फुडचं कसं विणायचं?"

मी भिंतीजवळ जाऊन दोन्ही धाग्यांवरून बोट फिरवले. अण्णांचे खरे होते. मुलांना सोपे जावे म्हणून मी सहाव्याची सिद्धता बदलली होती. तीन बाजू समान असलेले त्रिकोण एकरूप असतात, या आठव्या सिद्धान्ताचा तिला आधार दिला होता. आणि आठवा मी आधीच सहाव्यावरून सिद्ध केला होता. दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, पायाखाली जमीनच नाही! हे पुस्तक असेच गेले असते, तर तो शेरा कायमचा खरा ठरला असता.

पुस्तक दुसऱ्या दिवशीच्या टपालाने जायचे होते. मी कागदाच्या गठ्ठ्यावर बसून आकृती पुन्हा काढली. पायाच्या मध्यबिंदूला रेषा न नेता वरचा कोन दुभागला. आता दोन बाजू आणि त्यांमधला कोन एवढ्यावर भागत होते, म्हणजे चौथ्या सिद्धान्तावर. अण्णांनी धागा सोडला, डावीकडे ओढला, चौथ्या चुकेला गाठ मारली. चार पावले मागे सरून भिंत पाहिली.

"आता बसलं कापड."

पुस्तक मंजूर झाले. पत्रात सिद्धान्तांच्या क्रमाची खास तारीफ होती आणि मराठीबद्दल चकार शब्द नव्हता. ते पत्र घेऊन मी छापखान्याकडे अक्षरशः धावत गेलो. अण्णांनी ते वाक्य तीनदा वाचायला लावले, मग यंत्राकडे वळून तेलुगूत काहीतरी मोठ्याने सांगितले. सगळा छापखाना हसला. काय म्हणालात, असे मी विचारले.

"म्हनलं, मास्तर पास झालं!"

पुस्तकात त्यांचे नाव घालू म्हटले, तर ऐकेनात. "लुगड्यावर इणणाऱ्याचं नाव असतंय व्हय?" म्हणून मी ते वर्गात घातले. आधार नेहमी मागच्याचा घ्यावा, पुढच्याचा नाही, हे शिकवताना मी म्हणू लागलो, "नरसय्यांना चालायचे नाही." नरसय्या कोण, हे मात्र सांगायचे राहूनच गेले.

गेल्या आठवड्यात, अण्णांची बातमी कळल्याच्या दुसऱ्या दिवशी, फळ्यावर सिद्धता लिहीत होतो. मन ठिकाणावर नव्हते. अजून न शिकवलेल्या सिद्धान्ताचा आधार लिहून बसलो. मागच्या बाकावरून नातेपुत्याकडचा एक विद्यार्थी ओरडला, "सर, नरसय्याला चालायचं न्हाय ह्ये!" वर्गात हशा पिकला. तो धीट होऊन पुढे म्हणाला, "सर, त्ये नरसय्या ग्रीक व्हते का?"

"नाही," मी म्हणालो, "सोलापूरचे." आणि फळा पुसून पुन्हा मागच्यापासून सुरुवात केली.