उषाबाईंच्या सुया

तीर्थपुरीत कुणाच्या घरी बाळ येणार असलं की जुनी लुगडी उषाबाईंच्या ओसरीवर येऊन पडायची. गोधडी शिवण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं, आणि लोक हे विसरतील या धास्तीने त्या स्वतःच अधूनमधून आठवण करून देत. सुई हा आपला विषय, असं त्यांचं ठाम मत होतं. नर्सने इंजेक्शन दिलं तरी त्या "तिरकी घातली" म्हणून नाक मुरडायच्या.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा सून तृप्ती त्यांना शहागडला घेऊन गेली. तिथे एक बाई सुया टोचून दुखण्यावर उपचार करायच्या. बाईंनी गुडघ्याभोवती केसासारख्या बारीक सुया खोचल्या, थोड्या वेळाने काढल्या आणि एका ट्रेमध्ये टाकल्या.

"ह्या आता फेकून देणार?" उषाबाई ताडकन उठून बसल्या.

"हो आजी. एकदा वापरली की संपली."

"एकदाच? अवो, माझी सुई लेकीच्या लग्नापासून चालून राह्यली!"

बाई फोन घ्यायला बाहेर गेल्या आणि तृप्ती चपला शोधू लागली, तेवढ्यात सुया उषाबाईंच्या रुमालात गेल्या. घरी आल्यावर त्यांनी त्या गोधडीच्या चिंध्यांच्या गोळ्यात नीट खोचून ठेवल्या.

गुडघा हलका झाला होता. पुढे पुन्हा धरला, तेव्हा शहागडचा खर्चा कशाला, असं त्यांना वाटलं. जागा तर पाठच होत्या. सुई पदराला पुसली, गणपतीचं नाव घेतलं आणि खोचली. मग काय, शेजारच्या दुर्गाबाईंची कंबर आखडली तेव्हा उषाबाई गोळा घेऊन स्वतःहून हजर. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे आणि एकमेकींचं कौतुकही कधी तोंडातून निघत नसे.

"काय उषे, डॉक्टरीण झाली का तू?"

"गप पालथी पड. हलू नको, न्हाईतर वाकडी बसंल."

काही दिवसांनी उषाबाईंच्या गुडघ्याशी लाल गाठ आली. त्यांनी तिच्यावर हळद लावली आणि वरून लुगडं ओढून घेतलं. दुर्गाबाईंनी "लंगडून राह्यली का?" विचारलं, तर म्हणाल्या, "चप्पल चावली." सुईने आपल्याला धोका दिला हे गावात कळलं, तर राहिलं काय?

शेवटी अंगात ताप भरला. तृप्तीने लुगडं सरकवलं आणि किंचाळली, "आत्याबाई, ह्यात पू झालाय!"

मुलगा मच्छिंद्रने त्यांना घेऊन तडक जालन्याचं हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी गाठ कापून पू काढला. आजूबाजूच्या टोचल्याच्या खुणा पाहून, सुया कुठे टोचून घेतल्या, असं त्यांनी विचारताच मच्छिंद्र भडकला. "शहागडला. त्या बाईला आता बघतोच मी!"

उषाबाई छताकडे पाहत राहिल्या. गप्प बसलं की झालं. नाव शाबूत, आणि दोष शहागडला.

"त्याच सुया आणखी कुणाला टोचल्या असतील, तर त्यांना लवकर आणा," डॉक्टर म्हणाले. "उशीर झाला तर आतपर्यंत पसरतं."

उषाबाईंच्या डोळ्यांपुढे दुर्गाबाईंची कंबर आली.

"शहागडला जाऊ नको," त्या मुलाला म्हणाल्या. "त्या बाईनं काहीच केलं न्हाई. दुर्गीला फोन लाव."

फोन लागला.

"दुर्गे, कंबरंला गाठ आली का?"

"न्हाई ब्वा."

"खरं सांग."

"हाय एक. मोठी झालीया. तुला सांगितलं तर तू अजून टोचशील म्हून गप राह्यले."

"आत्ताच्या आत्ता जालन्याला ये. त्या सुया शहागडच्या उष्ट्या हायेत. त्या पुन्हा टोचायच्या नसत्यात. माझं चुकलं."

पलीकडून दुर्गाबाई गोड स्वरात म्हणाल्या, "काय म्हणली? ऐकू न्हाई आलं. थांब, शेजारची बेबीनंदा बी हितंच हाय, फोन मोठा करते."

उषाबाईंनी डोळे मिटले. "सुईतलं मला काही कळत न्हाई!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की वॉर्डातले सगळे पेशंट वळून पाहू लागले. "आता तरी ये!"

"बरं बरं, वरडू नको," दुर्गाबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "मच्छिंद्राला गाडी घेऊन जल्दी धाड, बाई. कवाची मी पालथीच झोपून राह्यले."