शेपटीले मारलेली गाठ

पोहणं शिकवून शिकवून मी थकली आहे, हे आधीच सांगून टाकते. उजवा खांदा दुखते, क्लोरीननं केसांचा झाडू झाला, आन आता या वयात मले जलपऱ्या घडवा लागून राहिल्या. कोण्या पोरीनं मोबाईलवर पाहिलं, ती आईच्या मागं लागली, आई पूलच्या मालकाच्या मागं लागली, आन मालक माह्या. "मैडम, मरमेड क्लास शुरू करना है." मी म्हटलं, करा बापा. पाण्यात तर मलेच उभं राहायचं आहे.

जलपरीचं शेपूट म्हणजे कमरेपासून पायापर्यंत ताणला जाणारा चकचकीत कपडा, आन खाली दोन्ही पाय एकत्र अडकवायचा रबरी पंखा. दिसाले लय सुंदर. पण विचार करा, चांगल्या पोहणाऱ्या पोरीचे दोन्ही पाय बांधून तुम्ही तिले पाण्यात टाकता! पहिल्या क्लासच्या आधी मले रात्रभर झोप नाही. म्हणून मी मालकाले सांगतलं, क्लास तुमचा, पण नियम माहे. जिले बिनाशेपटीचं पोहता येत नाही, उताणं पडून राहता येत नाही, तिनं शेपटीले हात लावायचा नाही. मी पाण्यात उतरल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. दम कोंडून कोण जास्त वेळ खाली राहते, असला खेळ दिसला की त्या दिवशी घरी.

आन क्लासची सुरुवात पोहण्यानं नाही, शेपूट काढण्यानं. छातीभर पाण्यात काठ धरायचा, मी "सोड" म्हटलं की अंगठे कमरेत घालायचे, खाली ओढायचं, पाय मोकळे. काठावरून आया म्हणत, "मैडम, पहले फोटो तो लेने दो." मी म्हणायची, पहले सोड, फिर फोटो. हा हिंदी मुलूख, इथले पोट्टे हिंदीतच बोलतात, मराठी घरचेही. मीही त्यांच्याशी हिंदीतच बोलते. पण हा "सोड" माह्या तोंडून मराठीतच निघायचा, आन सगळ्यांले कळायचा.

त्यात एक पोरगी इथल्या पोलाद प्लांटच्या कॉलनीतली, सेक्टर दहाची होती. नऊएक वर्षांची, भलती बारीक. बाप प्लांटमध्ये रिगर, म्हणजे क्रेनच्या हुकाले जड माल बांधून देणारा, उंचावर चढून काम करणारा माणूस. दर रविवारी तोच तिले घेऊन यायचा. बाकीचे बाप मोबाईल पाहत बसत, हा काठावरची रेलिंग धरून क्लासभर पोरीकडे पाहत उभा. एवढं कोणी पाहून राहिलं की मले कामात अवघड होते. पण बोलायचा नाही कधी काही, बिचारा.

एका रविवारी पोहता पोहता त्या पोरीचं शेपूट घसरून गुडघ्यावर आलं. बाकीच्या पोट्ट्या खी खी करून हसल्या. "इसकी तो पूँछ गिर गई!" पोरगी रडली. मी बापाले जाता जाता म्हटलं, "सैल असू द्या, सैलच चांगलं." त्यानं मान हलवली. पण त्याच्या कानात माहं बोलणं गेलं नव्हतं, पोरीचं रडणं गेलं होतं.

पुढच्या रविवारी ती आली तर शेपूट कसं छान बसलेलं, वरून पोशाखाची झालर. सगळ्या पोरी रांगेनं काठ धरून राहिल्या. मी म्हटलं, "सोड!" सगळ्यांची शेपटं खाली गेली. हिचं जागचं हललं नाही. तिनं ओढलं, पुन्हा ओढलं, मग दोन्ही हातांनी ओढाले गेली आन काठ सुटला. डोकं पाण्याखाली गेलं.

मी बाजूलेच होती. उचलली, तर तिनं माह्या गळ्याले अशी मिठी मारली की माहाच दम कोंडला. पाणी पिली होती, खोकत होती, आन पाय बांधलेले म्हणून सगळं आंग पिळत होती. मी सांगून राहिली, "पीठ के बल, बेटा, पीठ के बल." कोण ऐकते! मग माह्या तोंडून आपोआप घरची भाषा निघाली. "अवं माय, उताणी हो! उताणी पड, मी आहो ना!" काय झालं देव जाणे. घरच्यासारखं बोलणं कानावर पडलं म्हणून असेल, तिचे हात ढिले झाले. मान मागं टाकली. मी पाठीखाली हात दिला आन तिले पायऱ्यांवर आणली. पाहणाऱ्याले वाटलं असेल, काही झालंच नाही.

झालर वर करून पाहते तर कमरेले नाडा! सलवारीले असते तसा. शेपटाले नेफा शिवलेला, त्यात नाडा ओवलेला, आन त्याले गाठ. ओली होऊन आवळलेली. माह्या नखांनी हलेना. तोवर बाप बुटासकट पाण्यात उतरून पोरीजवळ आला होता.

"कोणी मारली ही गाठ?" मी ओरडलीच त्याच्यावर.

"मी."

"मग सोडा!"

त्यालेही सुटेना. शेवटी मी औषधाच्या डब्यातली कैची आणली आन नाडा कापला. पोरगी टॉवेलात गुंडाळून बसली. मग मी तोंडाले येईल ते बोलली. किती वेळा सांगतलं, डोकं आहे का नाही, कावून केलं असं? त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ताई," तो म्हणाला, "आमच्या कामात बांधलेला माणूस वाचते. बेल्ट अडकवला नाही तर वर चढू देत नाही कोणी. गाठ सुटली की माल खाली येते, आन खाली माणसं असतात. माह्या हातची गाठ आजवर कधी सुटली नाही." हे तो फुशारकीनं नाही म्हणाला. रडत म्हणाला.

माहा राग तिथंच उतरला. माहे बाबाही प्लांटमध्येच होते. ते ड्यूटीले निघाले की आई दारातून विचारायची, "बेल्ट घेतला का?" तेच ऐकत आम्ही मोठे झालो. या माणसानं पोरीवर जीव लावला तो त्याले येते तसा लावला, आणखी काय करणार होता?

"पाण्यात उलटं आहे, दादा," मी म्हटलं. "इथं मोकळा असते तो वाचते."

"आता नाही आणत मी तिले," तो म्हणाला.

खरं सांगू, मले हायसं वाटलं. एक पोट्टी कमी, एक घोर कमी. मग पोरीकडे पाहिलं. ती पाण्याकडे पाहून राहिली होती, भेदरून. ही आज अशीच घरी गेली तर ही भीती जन्मभर हिच्यासोबत राहीन, हे मले इतक्या वर्षांनी न सांगता कळते. मी म्हटलं, "शेपूट राहू द्या. पण एक डाव तिले नुसती आणा. पाण्यात पाय टाकू द्या." तो पोरीले उचलून घेऊन गेला.

पुढच्या रविवारी मले वाटलं नव्हतं, पण ते आले. त्याच्या हातात शेपूट होतं, नेफा उसवलेला, नुसतं सैल इलास्टिक. मी म्हटलं, ते नंतर पाहू. दोघं पायऱ्यांवर आले. पोरगी एक पायरी उतरली, घोट्याइतक्या पाण्यात, आन तिथंच थांबली. हात बापाच्या हातात. मी खाली पाण्यात उभी. खांदा ठणकत होता, बाकीच्या पोट्ट्या कालवा करून राहिल्या होत्या, आन ही काही पुढं येईना.

"ये माय," मी म्हटलं. "बाबाचा हात सोड."

ती जागची हलली नाही. मी पुन्हा म्हटलं, सोड. मग वैतागून तिचा हात धराले वर गेली, आन जवळून पाहिलं. पोरीची बोटं तर कधीचीच मोकळी होती. धरून तो होता.

"दादा," मी हळूच म्हटलं, "तुमाले म्हणून राहिली मी. सोडा."

त्यानं लय वेळ लावला. पण सोडला.