मैदानावरचा चंद्र

माझ्या सासूबाईंचं विज्ञानाशी पहिलं भांडण संकष्टीच्या दिवशी झालं, तेही उपाशी पोटी. राजेंद्र नगरातल्या आमच्या घरात लेक दुसऱ्या दिवशीच्या टेस्टसाठी मोठ्याने घोकत होती. बल्बमधली तार तापून उजळते, एलईडीतली एवढीशी चिप करंट मिळताच प्रकाश देते, काजवा पोटातल्या रसायनांवर चमकतो. निसर्गाच्या दिव्यांत सूर्य होता, तारे होते, काजवासुद्धा होता. चंद्र नव्हता.

"का गं, चंद्राने काय बिगाडलं तुझं?" सासूबाईंनी विचारलं.

"आजी, त्याची खुदची लाइट नाहीये. सूर्याची पडते त्याच्यावर, बस."

"मग मी सकाळपासून कोणासाठी उपाशी बसलीय?"

लेकीने पुस्तकाचं पान उलटून पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंनी चंद्र पाहिल्याशिवाय कधी संकष्टी सोडली नव्हती, अगदी तापातही नाही. त्या रात्री आभाळ भरलेलं होतं. तरी त्या ताम्हन घेऊन गच्चीवर गेल्या आणि मी मोदक ताटात काढते तोवर खाली आल्यासुद्धा. चंद्र दिसला, अर्घ्य दिलं, आता पान वाढ, म्हणाल्या. भुकेने त्यांचा आवाज चढतो, म्हणून मी मुकाट्याने वाढलं.

"ताम्हन वरच राहिलं. तू जवान आहेस, आण जाऊन," जेवता जेवता त्या मला म्हणाल्या. जिना आला की त्यांचं हे ठरलेलं वाक्य. माझ्याऐवजी लेक पळाली आणि जिन्यातूनच ओरडली, "आजी, चांद तर अजून निघालाच नाही! तू समोरच्या मैदानावरच्या नव्या एलईडी लाइटला अर्घ्य दिलं!"

मला हसू आवरेना. पण सासूबाईंनी हातातला मोदक ताटात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. "एवढ्या वर्षांचं व्रत मोडलं गं," त्या म्हणाल्या. माझं हसू तिथेच थांबलं.

"चंद्रच वाटला मला. चांगलं मोठं खळं पडलं होतं त्याच्याभोवती."

मी गच्चीवर जाऊन पाहिलं. दिवा लख्ख होता, खळं-बिळं काही नव्हतं. खाली येऊन विचारलं, "आई, असं खळं आणखी कशाला दिसतं?" मग एकेक बाहेर आलं. गाड्यांच्या दिव्यांना दिसतं, गॅसच्या ज्योतीला दिसतं, देवघरातल्या समईलाही दिसतं. मोतीबिंदू असणार हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं, ऑपरेशनच्या धास्तीने तोंडातून शब्द काढला नव्हता. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

एरवी डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलणाऱ्या सासूबाई त्या रात्री आपणहून म्हणाल्या, "दाखवून टाकू एकदा. बाप्पासमोर अशी फजिती पुन्हा नको."

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं. थेंब घालणं बंद झाल्यावर जी संकष्टी आली, तिला आम्ही तिघी गच्चीवर गेलो. आभाळ मोकळं होतं. चंद्र उगवला, अर्घ्य झालं. मग त्यांनी मैदानावरच्या दिव्याकडे पाहिलं. "केवढासा आहे मेला!" म्हणत हसल्या, आणि तशाच माझ्याकडे वळल्या. त्या दिव्याचा पांढरा उजेड माझ्या तोंडावर पडला होता. त्या बघतच राहिल्या. मग जवळ येऊन माझ्या कानाजवळच्या केसांवरून हात फिरवला.

"तुझे केस कधी गं पिकले?"

त्यांनी माझ्या हातातलं ताम्हन काढून घेतलं.

"हे मी आणते. तू कठडा धरून उतर."