खंडेनवमीचं बेडिंग

दसऱ्याच्या सुट्टीसाठी घाटंजीला पोहोचलो, तेव्हा बाबांची रायफल ओसरीवर दोन भागांत पडली होती. परवान्याची, पॉइंट टू-टू. ज्येष्ठांच्या नेमबाजी स्पर्धांत ते ती वापरतात. पावसाळ्यात सागवानी दस्ता फुगतो, त्यात बसवलेलं लोखंड हलतं आणि गोळ्या भरकटतात, असं त्यांचं म्हणणं. डोळ्यांचे डॉक्टर मोतीबिंदू म्हणत होते.

आईशी चाललेला हा वाद मिटवायला अट बाबांनीच घातली होती. दस्त्याचं बेडिंग करायचं. म्हणजे नळीमागचा गोळी भरण्या-डागण्याचा लोखंडी भाग, ॲक्शन, जिथे लाकडावर टेकतो तिथली पोकळी इपॉक्सीने भरून त्याला पक्की बैठक द्यायची. मग रविवारी नागपूरच्या स्पर्धेत गोळ्या एकत्र पडल्या, तर दोष लाकडाचा. नाही पडल्या, तर डोळ्यांचा, आणि रायफल ठाण्यात जमा. आईने हे माझ्यासमोर वदवून घेतलं.

इपॉक्सी लोखंडाला चिकटू नये म्हणून आधी त्यावर मेणाचा हात फिरवतात. बाबांनी तो सकाळीच फिरवला, जेवले आणि झोपले. त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे विळा, पावशी, शिलाई मशीन, आता माझा लॅपटॉपसुद्धा, स्वच्छ पुसून पूजेला मांडतात. आईने ॲक्शनही मांडली. उतरत्या उन्हात बाबांनी ती पाटावरून उचलली, कुंकू झटकलं आणि इपॉक्सी कालवायला घेतली.

"मेण परत लावायचं का?" मी विचारलं.

"सकाळी लावलं ना. आता कायले?"

आई दहा पावलांवर होती. तिला कोणी विचारलं नाही.

बाबांनी इपॉक्सी दस्त्यात भरली, ॲक्शन स्क्रूने आवळून रात्रभर सुकू दिली. दसऱ्याच्या सकाळी स्क्रू निघाले, ॲक्शन निघेना. बाबांनी ओढली, मी ओढली, मग दोघांनी दोन्हीकडून ओढली. शेवटी बाबांना शंका आली.

"तुनं पुसलं काय हे?"

"मंग! देवापुढं असं चिकट ठेवू काय? भांड्याच्या साबणानं घासलं, मंग पुसलं."

"साबणानं! मले सांगाचं तरी होतं!"

"कोणाले सांगू? घोरून राह्यले होते तुम्ही."

बाबांच्या एका नेमबाज मित्राने फोनवर उपाय सांगितला: गोठवा, लोखंड आक्रसतं. आमच्या फ्रिजमध्ये रायफल मावेना. गल्लीच्या टोकाच्या कुल्फीवाल्याकडे लांब फ्रीझर आहे. परवान्याचं हत्यार सोडून जाता येत नाही, म्हणून बाबा खुर्ची टाकून फ्रीझरशेजारी बसले. गाव सोनं द्यायला निघालेलं. येणारा प्रत्येक जण त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवी आणि चौकशी करी.

"काका, आत रावण आहे काय?"

"तुले कुल्फी पाह्यजे का चौकश्या?"

"कुल्फीच द्या. पण त्याच्या बाजूची नको."

कुल्फीवाला मला हळूच म्हणाला, "भाऊ, यायले घरी न्या ना. झाकण उघडलं की गिऱ्हाईक मांगं सरकते."

दुपार टळल्यावर रायफल घरी आणली. बाबांनी दस्ता मांडीत धरला, मी लाकडी हातोडीने नळीच्या कडेला ठोके दिले. ॲक्शन सुटली. इपॉक्सीची बैठक आरशासारखी उतरली होती. त्याच ठोक्याला दस्ता मुठीपाशी उभा चिरला.

बाबांनी चीर बोटाने चाचपली. आई दारातून पाहत होती.

"आता रविवारचं काय?"

"दस्ताच नाही, तर स्पर्धा कायची?"

"मंग जमा करा."

"जमा कायले? डोळ्याचा दोष सिद्ध झाला काय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. अट माझ्यासमोर ठरली होती आणि शब्दशः पाहिलं तर बाबा बरोबर होते. मी तसं म्हणालो. तिने मला चहा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा सुताराकडे गेले आणि खुशीत परतले. मुरलेल्या सागवानाची फळी मिळाली होती. नवा दस्ता कोरायचा, एक पावसाळा त्याला पाहू द्यायचा, मग बेडिंग. आईने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवली होती. बाबांनी दवाखान्यात फोन केला आणि ती बेडिंगनंतरची मागितली.